एल्स्टर कोण?

आमच्या लाइपझिगात गमतीनं म्हणतात, तीन माणसं जमली की मंडळ निघतं आणि चौथं आलं की त्याची दोन मंडळं होतात. लिंडेच्या बाबतीत मात्र हे कुणी हसून म्हणत नसे.

लिंडे हे एका सॉफ्टवेअरचं नाव. सगळ्या जगानं एकाच बड्या कंपनीच्या ओसरीवर बसून गप्पा मारायच्या आणि कंपनीनं कान देऊन त्या ऐकायच्या, त्यापेक्षा ज्यानं त्यानं आपला छोटा सर्व्हर चालवावा, त्यावर आपली शे-दोनशे माणसं असावीत आणि असे शेकडो सर्व्हर एकमेकांशी बोलते असावेत, ही त्यामागची कल्पना. मालक कुणीच नाही. कोड उघडा, हवा त्यानं न्यावा, हवा तसा बदलावा. फाल्क हार्निश आणि योर्डिस काम्पे या दोघांनी मैत्रीतून तो लिहायला घेतला आणि काही वर्षं गुण्यागोविंदानं चालवला. पुढे दोघांचं फाटलं. योर्डिसनं तोच कोड उचलून ‘बिर्के’ नावाची वेगळी चूल मांडली. निम्मे सर्व्हर तिच्यामागे गेले. लिंडे हे झाडाचं नाव, बिर्के हेही झाडाचंच, पण दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या सावलीला उभी राहीनाशी झाली.

या सगळ्याचा इतिहास लिहायचं काम गेशे ओल्सनकडे आलं. ती मूळची पश्चिम जर्मनीतली, उत्तरेकडच्या समुद्राकाठची. शहराच्या ग्रंथालयात बंद पडलेल्या मंडळांचे कागद लावण्यात तिची बरीच वर्षं गेली होती. गायन मंडळं, कबुतरं पाळणाऱ्यांची मंडळं, असलं सगळं. ती कोड लिहिणारी नव्हती आणि कुठल्या गटातलीही नव्हती. म्हणूनच झायफर्टसरांनी तिला निवडलं. निदान ते तसं म्हणाले.

हार्टविग झायफर्ट शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. लिंडे मंडळाचे अध्यक्ष. गावाबाहेरच्या भाड्याच्या बागांमध्ये त्यांचा एक तुकडा होता, त्यात लाकडी खोपटं, आणि खोपटाच्या माळ्यावर बागवाल्यांसाठी चालवलेला लिंडेचा एक जुना सर्व्हर. मंडळात सगळे एकमेकांना अरे-तुरे करत, पण सर मात्र सगळ्यांना तुम्ही म्हणत आणि सगळे त्यांना सरच म्हणत.

“ओल्सनबाई,” सफरचंदं चिरता चिरता सर म्हणाले, “माणसांना विसर पडायला लागलाय. आणि सर्व्हर तर माणसांच्या आधी मरतात. कुणी बंद केला की त्यावरचं सगळं बोलणं गेलं. लवकर लिहायला हवं.”

“भांडणाचंही लिहायचं ना?”

“लिहा की. त्याशिवाय इतिहास कसला?” त्यांनी सुरी पुसली. “फक्त एल्स्टरपाशी अडकून बसू नका. त्याचा पत्ता आजवर कुणाला लागलेला नाही. उगाच वेळ जाईल तुमचा.”

गेशेनं मान हलवली. पण ज्या खोलीत जाऊ नको म्हणून सांगतात, तिचं दार आधी ढकलून पाहायचं, हे तिच्या कामानं तिला शिकवलं होतं.

एल्स्टर हे कुणाचं तरी टोपणनाव. गावातून वाहणाऱ्या नदीचं नाव तेच, चमकत्या वस्तू पळवणाऱ्या पक्ष्याचंही तेच, आणि करविवरण भरायच्या सरकारी प्रणालीचंही तेच. त्यामुळे हा इसम कोण, यावर तर्काला वावच वाव. फुटीच्या आधीच्या वर्षी या एल्स्टरनं लिंडेसाठी थोडासा कोड पाठवला. त्यात एवढंच होतं की प्रत्येक सर्व्हरनं दिवसातून एकदा एका ठरावीक पत्त्यावर कळवायचं: मी चालू आहे, माझ्याकडे इतकी माणसं आहेत. फाल्कनं तो कोड कुणाला न विचारता आत घेतला. काही महिन्यांनी योर्डिसच्या ते लक्षात आलं आणि मंडळाच्या सभेत स्फोट झाला. टेहळणीला कंटाळून जी माणसं कंपनीच्या घरातून बाहेर पडली, त्यांच्या नव्या घराला कुणीतरी गुपचूप झरोका पाडला होता. सभेत कुणीतरी फाल्कला ‘खबऱ्या’ म्हणालं. आमच्या या जुन्या पूर्व जर्मनीत हा शब्द हवेत सोडून देता येत नाही. इथे घराघरात कुणीतरी कुणाबद्दल तरी वरती कळवलेलं होतं, आणि ज्यांचं बालपण त्यात गेलं तेच आता सर्व्हर चालवत होते.

फाल्कनं त्याच महिन्यात लिंडे सोडलं. एल्स्टर त्या दिवसापासून गप्प झाला. त्याला बारा वर्षं होत आली होती.

गेशेनं भिंतीवर मोठा कागद लावला आणि लिंडेची वंशावळ मांडायला घेतली. कुठला कोड कुठून निघाला, बिर्केलाही पुढे कोणते दोन फाटे फुटले, ते का वाळले. खूप जागा रिकाम्या राहत होत्या. ज्या सर्व्हरवर तेव्हाची भांडणं झाली ते बंद पडलेले, आणि उरलेल्या संभाषणांत निम्म्या ओळी नाहीशा. एखादा विचारतोय, “मग हे कुणी मान्य केलं?” आणि उत्तराच्या जागी काहीच नाही. उत्तर देणाऱ्यानं स्वतः पुसलं, की कुणी त्याच्यासाठी पुसलं, हे कळायला मार्ग नाही.

फाल्क आता ग्रिमा गावाच्या बाजूला गावोगावची बस चालवत होता. फोनवर त्यानं सरळ नकार दिला. मग गेशे त्याच्या बसमध्येच जाऊन बसली. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले, ही उतरली नाही. तो आरशातून तिच्याकडे बघत राहिला.

“तुम्हीच त्या फोनवाल्या बाई.”

“हो.”

“कुणी पाठवलं? योर्डिसनं?”

“झायफर्टसरांनी.”

“म्हणजे मंडळानं. माझ्यालेखी दोघं एकच.” त्यानं थर्मासमधून कॉफी ओतली. तिला विचारलं नाही. मग थोड्या वेळानं झाकणात थोडी ओतून मागे सरकवली. “विचारा. गाडी सुटेपर्यंत बोलतो.”

“तो कोड तुम्ही आत का घेतलात?”

“चांगला होता म्हणून. दर सभेत कुणीतरी विचारायचं, आपण एकूण किती जण आहोत? कुणालाच सांगता यायचं नाही. या माणसानं मोजायची सोय करून दिली. नीटनेटकं काम. मला वाटलं, झालं बरं. विचारायला हवं होतं, हे मला पुढे कळलं. पण तोवर मी खबऱ्या झालो होतो.”

“एल्स्टरला तुम्ही ओळखत होता?”

“नाही.” तो वळून बसला. “माझ्या आईला दुकानात लोक विचारायला लागले, तुमचा फाल्क कुणासाठी काम करतो म्हणून. नाव माहीत असतं तर मी तेव्हाच ओरडून सांगितलं असतं. मला काय वाटतं सांगू? एल्स्टर म्हणजे योर्डिस. तिला मी नको होतो. एक सुरुंग तिनं माझ्या हातात दिला आणि स्वतःच येऊन शोधून काढला.”

“पुरावा?”

“पुरावा नाही. बारा वर्षं विचार करायला वेळ होता, एवढंच.” त्यानं घड्याळ पाहिलं. “यातलं पहिलं छापा. दुसरं छापू नका.”

योर्डिसचं ऑफिस प्लागविट्झ भागातल्या एका जुन्या सूतगिरणीत. तिनं दार उघडताच अगं-तुगं सुरू केलं, बदामाची गोड वडी पुढे केली आणि गेशे बसायच्या आत विचारलं, “मग, काल बसची सहल कशी झाली?”

गेशेच्या हातातली वडी हातातच राहिली. फाल्ककडे जाणार हे तिनं फक्त एकाच माणसाला सांगितलं होतं, झायफर्टसरांना.

“तुला कुणी सांगितलं?”

“इथे सगळ्यांना सगळं कळतं गं. काय म्हणाला? मीच एल्स्टर, हेच ना?”

गेशे काही बोलली नाही.

“बघ, न बोलताच कळलं. आता माझं ऐक. एल्स्टर तो स्वतःच होता. आपला कोड आपणच दुसऱ्याच्या नावानं आणायचा आणि आपणच मान्य करायचा, म्हणजे कुणी नाव ठेवायला नको. त्याला मोजायचं होतं, कारण मोठं झाल्याचं बघायचं होतं त्याला. मी म्हणते, मोजायला माझी हरकत नाही, पण विचारून मोज ना. माझ्या घरात किती माणसं जेवतात हे बाहेरून कुणी मोजत असेल, तर तो कितीही प्रेमानं मोजो, मी दार लावून घेणार.”

“हे बरोबरच आहे,” गेशे म्हणाली. “पण खबऱ्या म्हणणं?”

योर्डिसचा चेहरा कठोर झाला. “ते मी म्हटलं नव्हतं.”

“मग ‘असं म्हणू नका’ एवढं तरी म्हणालीस का?”

“तुला नक्की इतिहास लिहायचाय का?” योर्डिसनं वडीचं ताट उचलून बाजूला ठेवलं.

त्या आठवड्यात सरांचा फोन दोनदा आला. कुठवर आलं, कोण काय म्हणालं, एल्स्टरचा विषय निघाला का. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा गेशेनं तो वाजू दिला. आता तिला प्रत्येकात काहीतरी दिसू लागलं. एखादी ओळ पुसलेली दिसली की वाटे, हे कालच कुणी पुसलं असेल. आपल्या दारावरची पाटी कुणी वाकडी केली का, असंही तिनं एकदा वाकून पाहिलं. आणि मग स्वतःचीच लाज वाटून ती आत गेली.

सर आपल्याकडचं योर्डिसला पोचवतात, एवढं तर उघड होतं. पण नक्की करायला हवं. म्हणून तिनं एक सापळा लावला.

पुढच्या भेटीत, सर शेंगांच्या वाळक्या वेली काढत असताना, ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, “एल्स्टरचा माग लागल्यासारखं वाटतंय. हॉलंडमधला कुणीतरी असावा. ग्रंथालयात काम करणारा. अजून कुणाला बोलू नका.”

यात एक शब्दही खरा नव्हता. हॉलंड तिला त्या सकाळी बाजारातल्या चीजच्या गाडीवरून सुचलं होतं आणि ग्रंथालय स्वतःच्या नोकरीवरून. नाव कुणाचंच घेतलं नव्हतं, तेव्हा कुणाला काय होणार, असा तिचा हिशेब.

सर हातातली वेल धरून तसेच उभे राहिले. “हॉलंड,” ते म्हणाले. “असेल, असेल.”

दोनच दिवसांत योर्डिसनं बिर्केवर एक ओळ टाकली: ‘लिंडेच्या सुरुवातीच्या काळात हॉलंडमधला ग्रंथपाल कोण होता, कुणाला आठवतंय का?’

गेशेला आधी आनंद झाला. सापळ्यात पाय अडकला होता. मग तिनं खालची उत्तरं वाचली. हॉलंडमधला ग्रंथपाल होता. एकच होता. ग्रोनिंगनचा वेसल होकस्ट्रा. ग्रंथालयवाल्यांसाठी तो पहिल्यापासून सर्व्हर चालवत होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणून गेशेच्या वंशावळीत त्याचं नाव अजून चढलंही नव्हतं. लोकांना मात्र त्याच दुपारी सापडलं.

पुढचं कुणाला सांगावं लागलं नाही. कुणाला आठवलं की वेसल सभेला नेहमी मागे बसायचा. तो फुटीच्या वर्षी एकदा म्हणाला होता, “आकडे कळले तर वाईट काय?” ते वाक्य कुणीतरी शोधून काढलं आणि गावभर फिरवलं. संध्याकाळपर्यंत लहानमोठे सर्व्हर त्याच्या सर्व्हरला वाळीत टाकू लागले. वाळीत टाकायला या जगात फार काही करावं लागत नाही. चालवणाऱ्यानं एक नाव एका यादीत घातलं, की त्या सर्व्हरवरच्या सगळ्या माणसांचं बोलणं इकडे यायचं बंद. वेसलकडे शेकडो ग्रंथपाल होते. त्यांना सकाळी उठल्यावर कळलं की आपले अर्धे मित्र आपल्याला ऐकत नाहीत.

वेसलनं एकच ओळ लिहिली: ‘मी एल्स्टर नाही. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.’ खाली उत्तर आलं, ‘एल्स्टर हेच म्हणाला असता.’

गेशेनं त्याच सकाळी जाहीरपणे लिहून टाकलं की हे सगळं मी रचलं, एका माणसाची परीक्षा घ्यायला रचलं, वेसलचा याच्याशी काडीचा संबंध नाही, मला माफ करा. तिला वाटलं, आता थांबेल.

थांबलं नाही. कुणी म्हणालं, हिच्यावर दबाव आणला असणार. कुणी म्हणालं, ही पहिल्यापासून एल्स्टरच्याच पदरी होती, नाहीतर सापडलेला माणूस सोडून कोण देतं? एकानं तर तिचं जुनं नाव खोदून काढलं आणि लग्नानंतरचं आडनाव का लपवलं असं विचारलं. तिनं लपवलं नव्हतं, घटस्फोटानंतर माहेरचं परत घेतलं होतं, पण ते कुणाला सांगणार.

ती ट्राम पकडून तडक बागेत गेली. सर खोपटाबाहेर बसले होते. समोर कॉफी, तिच्यावर साय धरलेली.

“तुम्ही योर्डिसला सांगितलंत,” गेशे म्हणाली.

“सांगितलं.”

“मी बोलू नका म्हटलं होतं.”

“तुम्ही सापळाच लावला होता ना? मग मी बोलावं अशीच तुमची इच्छा होती.” सरांनी वर पाहिलं नाही. “काही पोरांना मी असं पकडायचो. एक गणित मुद्दाम चुकीचं द्यायचं आणि उत्तर कुणाकुणाचं सारखं येतं ते पाहायचं.”

“माझी चूक मी जगाला सांगितली. तुम्ही तुमची सांगा. मी रचलेलं होतं, पण तुम्हाला खरं वाटलं, म्हणून पुढे गेलं, एवढं तरी लिहा.”

“खरं वाटलं नव्हतं.” सर सावकाश बोलले. “खोटं आहे हे मला तिथेच कळलं होतं. तरी सांगितलं. त्याचंच वाईट वाटतंय.”

गेशे दोन पावलं पुढे आली.

“सर, ते खोटं आहे हे फक्त मला माहीत होतं. तुम्हाला कसं कळलं?”

शेजारच्या बागेत कुणीतरी कुंपणाला खिळे ठोकत होतं. सरांनी दुसरी खुर्ची पुढे ओढली.

“बसा,” ते म्हणाले. “कॉफी गार झालीय, पण बसा.”

मग त्यांनी सांगितलं. मोजायचा कोड त्यांचा. गणिताचा माणूस, किती आहोत हे कळत नसे ते त्यांना सहन होईना. उतारवयात कोड लिहायला शिकले. स्वतःच्या नावानं पाठवायची हिंमत झाली नाही, कारण नवशिक्याच्या कोडची योर्डिस सगळ्यांदेखत चिरफाड करी. म्हणून एल्स्टर. फाल्कनं तो आत घेतला त्या दिवशी त्यांनी बायकोला केक आणला होता.

“आणि सभेच्या दिवशी?”

“दुसऱ्या रांगेत होतो.”

“फाल्कला खबऱ्या म्हणाले तेव्हा?”

“तेव्हाही दुसऱ्याच रांगेत होतो.” सरांनी चष्मा काढला. “ओल्सनबाई, तुम्ही तिकडच्या. तुम्हाला कदाचित नाही कळणार. माझा थोरला भाऊ एबरहार्ड. बर्लिनची भिंत पडल्यावर गावात उठलं की तो खबऱ्या होता. कुणी उठवलं माहीत नाही. गुप्त पोलिसांचे कागद उघडले, त्यात त्याचं नाव कुठेच निघालं नाही. पण तोवर लोकांनी त्याच्याकडे पाव विकत घेणं सोडलं होतं, त्याची बेकरी होती. तो पश्चिमेकडे कासेलला गेला आणि तिथेच मेला. मी त्या सभेत उठून ‘तो मी’ म्हटलं असतं, तर पहिलं वाक्य काय आलं असतं? झायफर्ट ना, मग बरोबर.”

“म्हणून फाल्कला जाऊ दिलंत.”

“हो.”

“आणि आता वेसलला.”

“हॉलंड तुमच्या तोंडून ऐकलं ना, तेव्हा क्षणभर मला इतकं हलकं वाटलं. वाटलं, चला, कुणीतरी लांबचा आहे. मी स्वतःच एल्स्टर असून मला तसं वाटलं.”

गेशेला त्यांचा राग आला होता आणि तो जाईना. पण त्या रागात तिला स्वतःचाही चेहरा दिसत होता, त्यामुळे तिला ओरडता येईना.

“इतिहास तुम्ही माझ्याकडून का लिहून घेत होता? मी शोधून काढीन अशी भीती नव्हती?”

“होती. म्हणून तर सारखे फोन केले, आणि तुमचं योर्डिसला सांगून तिला काय वाटतंय ते काढून घेत राहिलो. आणि शोधून काढलंत तर सुटेन, असंही वाटायचं. दोन्ही खरं आहे. मला विचाराल तर त्यातलं जास्त खरं कुठलं, ते सांगता येणार नाही.”

“सर, माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. तुमच्यावर तरी का ठेवतील?”

“माझ्यावर नाही ठेवणार. एल्स्टरवर ठेवतील.”

एल्स्टरचा प्रत्येक मजकूर एका किल्लीनं सही केलेला असे. संगणकावरची सही, ती किल्ली ज्याच्याकडे त्यालाच करता येते आणि खरी की खोटी हे कुणालाही तपासता येतं. सरांनी ती बारा वर्षं जपून ठेवली होती. टाकून का दिली नाही, हे त्यांनाही सांगता आलं नाही. ते माळ्यावर चढले, गेशेनं शिडी धरली. खाली आले तेव्हा लिहून झालं होतं. त्यांनी आपलं पूर्ण नाव, बागेचा पत्ता आणि चार वाक्यं लिहिली होती. तो कोड मी लिहिला. फाल्क हार्निशला मी कोण हे कधीच माहीत नव्हतं. वेसल होकस्ट्राचा यात काही संबंध नाही, आणि हे माहीत असून ती अफवा मी पुढे पाठवली. मी सभेत बसून होतो आणि गप्प राहिलो.

दुपार कलायच्या आत शेकडो जणांनी सही तपासली. सही खरी निघाली. तरीही कुणीतरी म्हणालंच की म्हातारबांनी किल्ली चोरली असेल, पण त्याला कुणी फारसं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः फाल्ककडे गेले. गेशेला त्यांनी बरोबर यायला सांगितलं, आधाराला नव्हे, ऐकायला. बस शेवटच्या थांब्यावर उभी होती. फाल्क खाली उतरून चाकाला पाय टेकून उभा राहिला आणि त्यानं सगळं ऐकून घेतलं. अर्थात त्याला आधीच कळलं होतं.

“तुम्ही माझ्या आईच्या अंत्ययात्रेला आला होतात,” तो म्हणाला.

“हो.”

“हात हातात घेऊन म्हणालात, फाल्क, लोक विसरतील.”

सरांनी होकारार्थी मान हलवली.

“मला वाटलं, एक तरी माणूस माझ्या बाजूचा आहे.” त्यानं टोपी काढून परत घातली. “बारा वर्षं मी योर्डिसचा राग केला. रोज, सर. आता तो कुठे ठेवू? तुमच्यावर ठेवायला जावं, तर तुम्ही सत्तरीचे म्हातारे.”

“ठेवा माझ्यावरच.”

“ते मी बघेन.” तो चढला. दार लावायच्या आधी म्हणाला, “परत जायला हीच गाडी आहे. बसायचं तर बसा. तिकीट काढावं लागेल.”

दोघांनी तिकीट काढलं आणि मागे बसले. ग्रिमाला उतरले.

योर्डिसला हे जड गेलं. ‘आम्ही वेगळे का झालो’ असं बिर्केचं एक पान होतं, त्यात फाल्कनंच खोट्या नावानं कोड आणला असं सूचित करणारं एक वाक्य होतं. गेशेनं ते काढायला सांगितलं.

“काढीन,” योर्डिस म्हणाली. “पण बाकीचं राहील. न विचारता मोजायचं नाही, यावर बिर्के निघालं. मोजणारा खबऱ्या असो की भला मास्तर, त्यानं काही बदलत नाही.”

“फाल्कच्या बाबतीत बदलतं.”

“हो,” ती म्हणाली. “त्याच्या बाबतीत बदलतं. त्याला फोन केला होता मी. त्यानं उचलला नाही.”

“परत कर.”

“करीन. आणि गेशे, तुझ्या पुस्तकात तुझ्या त्या सापळ्याची किती पानं येणार?”

“लागतील तेवढी.”

“मी मोजणार आहे,” योर्डिस म्हणाली. यावर दोघी हसल्या नाहीत, पण ताट परत पुढे आलं.

सरांनी अध्यक्षपद सोडलं. मंडळात काही जण त्यांच्याशी बोलेनासे झाले, काहींनी फाल्ककडे जाऊन माफी मागितली, आणि बरेच जण आपण त्या सभेला नव्हतोच असं सांगू लागले. गेशेकडच्या सभेच्या नोंदींप्रमाणे त्यातले पुष्कळ जण हजर होते.

वेसलचं मात्र पूर्ण निस्तरलं नाही. काही सर्व्हरनी त्याला यादीतून काढलं, तसं जाहीरही केलं. पण कितीतरी जणांनी घाईत नाव घातलं होतं आणि काढायचं त्यांना सुचलंच नाही. काही सर्व्हर चालवणारे आता कुणाच्या हाती लागत नव्हते. त्याचे ग्रंथपाल एकेक करून दुसरीकडे निघून गेले. गेशे प्रत्येकाला लिहीत राहिली, काढा, काढा म्हणून. निम्म्यांनी उत्तर दिलं नाही.

हिवाळ्यात ती ग्रोनिंगनला गेली. त्यानं आपणहून बोलावलं नव्हतं, पण तिनं विचारल्यावर या म्हटलं होतं. कालव्याकाठचं अरुंद घर. दार उघडणारा माणूस उंच, हळू बोलणारा, लोकरीचा स्वेटर कोपरावर शिवलेला. त्यानं तिचा कोट घेतला, नीट टांगला आणि तिला आत नेलं. टेबलाशी एक वयस्क बाई आधीच बसल्या होत्या, हात मांडीवर, पर्स जवळ.

“या माझ्या शेजारीणबाई,” वेसल म्हणाला. “तुम्ही जे बोलाल ते या ऐकतील. रागावू नका. हल्ली मी एकट्यानं कुणाशी बोलत नाही.”

“नाही रागावत,” गेशे म्हणाली.

त्यानं मोहरीचं सूप वाढलं, तिघांना सारखं. स्वतः चमचा उचलला नाही.

“तुम्हाला माझा इतिहास हवाय म्हणालात. पण आधी तुमचं होऊ द्या. हॉलंड का? ग्रंथपाल का? कुठे बसला होतात, काय मनात होतं. अगदी पहिल्यापासून.”

शेजारीणबाईंनी खुर्ची जरा पुढे ओढली. गेशेनं चमचा खाली ठेवला आणि चीजच्या गाडीपासून सांगायला सुरुवात केली.